शालीचा खिळा

ईशा, अन्वय,

गेल्या डिसेंबरात तुम्ही इथे आलात तेव्हा तुमच्या टोपीवाल्या स्वेटरांच्या नाड्या मी कापून टाकल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. स्वेटर धुतले, वाळवले आणि घडी घालायच्या आधी शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन दोन्ही नाड्या मुळाशी कापल्या. तुमच्या आईने ते पाहिलं आणि ती दारातच उभी राहिली. "आई, तुम्ही?" एवढंच म्हणाली. जिच्या घरात जुनी वर्तमानपत्रंसुद्धा तारखेप्रमाणे रचलेली असतात, त्या बाईने नातवंडांचे नवे कपडे कापावेत हे तिला पटेना. ईशा, तू रडलीस. अन्वय, तू मात्र न रडता विचारलंस, "आजी, तुला हे असं कुणी शिकवलं?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर आता सावकाश लिहिते. मला हे हवालदार कांबळ्यांनी शिकवलं.

नव्वदच्या दशकात मी पलूसकडच्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत असे. तुमचे आजोबा कराडला कॉलेजात शिकवत. मी आठवडाभर कारखान्याच्या कॉलनीत राही आणि शनिवारी कराडची गाडी धरी. कारखान्याने नवं गोदाम बांधलं होतं, पण साखरेची पोती भरण्याची शेड आणि ते गोदाम यांच्या मध्ये पाण्याची जुनी, मोठी टाकी उभी होती. टाकी हलवता येत नव्हती. म्हणून आधी पोती वाहून नेणारे, यंत्रावर फिरणारे दोन सरळ पट्टे काटकोनात बसवले. पहिल्या पट्ट्यावरून पोतं दुसऱ्यावर पडायचं. पडताना फुटायचं. त्या कोपऱ्यात साखरेचा ढीग आणि मुंग्यांची जत्रा. शेवटी ठरलं, की वळणाचा पट्टा बसवायचा, म्हणजे पोतं न पडता, न उचलता, अलगद टाकीला वळसा घालून गोदामात जाईल. यंत्र खोक्यांतून आलं, त्याच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, आणि ते यंत्र उभं करायला हवालदार आले.

लष्करात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या पलटणीतून ते निवृत्त झाले होते. गाव कुंडलजवळची एक वाडी. उंच, सडसडीत, आवाज परेडच्या मैदानाचा. अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, इस्त्री केलेला. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, कमरेच्या पट्ट्याचं टोकसुद्धा लोंबू नये म्हणून आत वळवून शिवलेलं. आणि उजव्या खिशात, स्वतः शिवलेल्या चामड्याच्या म्यानात, शिंप्याची मोठी कात्री.

पहिल्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"इंग्रजी वाचणाऱ्या बाई तुमीच का?"

"हो."

"मग पुस्तक घ्या अन् चला."

"मी इथे बसून भाषांतर करून देते ना. टाइप करून पाठवते."

"यंत्र तिकडं आन् भाषांतर हिकडं? पाव्हणा एका घरी, जेवान दुसऱ्या घरी?"

मी पुस्तक घेऊन निघाले. शेडच्या दाराशी ते थांबले, वळले आणि म्हणाले, "पदर."

"काय?"

"पदर खोचा. न्हाईतर कापतो."

कात्री म्यानातून बाहेर आली होती. माझ्याशी कारखान्यात कुणी मान वर करून बोलत नसे. मोठे साहेबसुद्धा मला 'मॅडम' म्हणत. आणि हा कालचा आलेला माणूस माझ्या पदराचं नाव घेत होता, तेही कात्री हातात धरून. मला इतका धक्का बसला की रागवायचंसुद्धा सुचलं नाही. मी पदर खोचला. "शाबास," ते म्हणाले आणि आत गेले.

मग रोजच मी तिथे एका उलट्या खोक्यावर बसून वाचू लागले. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत. हवालदार ऐकत आणि पुस्तकाशी भांडत.

"रोलर सगळीकडे सारख्या उंचीवर असावेत," मी सांगे.

"त्याला इचारा, ऱ्हातो कुठं."

"कोणाला?"

"लिवणाऱ्याला. त्याची फरशी सपाट आसंल. आपली फरशी हितं पोटुशी हाय. उंची फरशीवनं न्हाई, पाण्यावनं घ्यायची." आणि ते पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची दोन टोकं दोन खांबांना लावून खुणा करत.

एकदा त्यांनी पुस्तकाचं ऐकलं नाही. पट्टा एका अंगाने चढवावा असं मी वाचलं होतं. त्यांनी हट्टाने उलट्या अंगाने चढवला. संध्याकाळी सगळा पट्टा पुन्हा उतरवावा लागला, दिवसाचं काम पाण्यात. हवालदार माझ्यासमोर आले, टाचा जुळवल्या आणि माझ्या मांडीवरच्या पुस्तकाला कडक सलाम ठोकला. "माफी, साहेब," ते पुस्तकाला म्हणाले. "पर फरशीचं माझंच खरं हाय."

वळणाचा पट्टा ही चीज मला त्यांनीच समजावली. सरळ पट्टा म्हणजे रिबीन. वळणाचा पट्टा फ्रॉकच्या घेरासारखा कापलेला असतो, आणि त्याखालचे रोलर गाजरासारखे, बाहेरच्या टोकाला जाड, आतल्या टोकाला बारीक. "परेडीत रांग वळती कशी?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत! मग त्यांनी कामावरच्या माणसांना ओळीत उभं केलं आणि वळवून दाखवलं. "बघा. आतला जवान जाग्यावरच पाय आपटतो. भायेरचा पळतो. तवा कुठं रांग मोडत न्हाई. पट्ट्याचं तसंच. पर ह्यो पट्टा लय खोडकर. त्येला सारखं आत पळायचं असतंय. म्हणून भायेरच्या काठाला बारकी चाकं लावून त्येला धरून ठिवायचं."

वळणाच्या शेवटी पट्टा रोलरखाली शिरे, त्या आतल्या फटीला ते 'तोंड' म्हणत. "ह्ये तोंड. ह्येला काय बी चालतं. आवडनिवड न्हाई."

पुस्तकात एका पानावर सूचना होती, की यंत्राजवळ सैल कपडे, दागिने, दोरे असू नयेत. ती मी वाचली तेव्हा हवालदार खोक्याजवळ आले आणि मला ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "ह्यो आपला माणूस हाय. फरशीचं ठावं नसंल, पर माणूस आपला."

त्यांच्या कात्रीला सगळे हसत. संपत पवार नावाचा फिटर होता, हाताखालच्या लोकांत सगळ्यात हुशार आणि तोंडाळ. तो म्हणायचा, "हवालदार, कारखान्यात आलाय का शिंप्याच्या दुकानात?" एका दुपारी हवालदार त्याला म्हणाले, "संपत, तुजा एक जुना शर्ट आण. लांब बाह्यांचा. आन् एक ऊस."

त्यांनी उसाचं कांडं शर्टाच्या बाहीत घातलं, भोवती चिपाडांचा भुसा गच्च भरला, मनगटाच्या जागी एक हातमोजा बांधला. हातमोज्याचा एक धागा सुटलेला होता, तो तसाच लोंबत ठेवला. पट्टा सावकाश सुरू करवला. आम्ही सगळे भोवती उभे. हवालदारांनी ती बाही त्या तोंडाजवळ नेली. चिकटवली नाही, फक्त तो धागा तिथे टेकवला.

धागा गेला. मग हातमोजा गेला. मग बाही, कोपरापर्यंत, हवालदारांच्या हातातून हिसकून. आणि आत ऊस मोडला.

उसाचं कांडं मोडल्याचा आवाज आमच्या भागात तान्ही पोरंसुद्धा ओळखतात. गोड आवाज असतो तो, हात पुढे करायला लावणारा. त्या दुपारी तो ऐकून मी दोन्ही हात मागे घेतले. पट्ट्याखालून रस टपकत होता. संपत बाहेर जाऊन ओकला.

"आता हसा," हवालदार म्हणाले.

तरी माणसं ती माणसंच. नवरात्र आलं आणि मनगटांवर दोरे आले: गावच्या देवीचे, कुणाच्या नवसाचे, काळे, लाल, गोंडे लावलेले. घटाचा दोरा कुणी काढतं का? संपत लाल दोरा बांधून कामावर आला. हवालदारांनी त्याचा हात धरला आणि तो दोरा कापला.

हवालदार बौद्ध, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांच्या पिढीने छप्पन साली धर्म बदलला होता. आजवर कुणी ते बोललं नव्हतं. संपत बोलला.

"तुमचा धरम येगळा, म्हणून आमच्या देवीचा दोरा कापता व्हय?"

मला वाटलं, आता मारामारी होणार. मी पुस्तक मिटलं. हवालदारांनी आपला डावा हात पुढे केला. मनगटावर पांढरा दोरा होता. आदल्या दिवशी विहारात रक्षणासाठीचा परित्राण पाठ झाला होता, त्यात त्यांच्या पत्नीने, सुमनबाईंनी, बांधून घेतलेला. कामावर येण्याआधी तो काढायचा, पण त्या दिवशी त्यांचीही हिंमत झाली नसावी, किंवा बायकोची भीती असावी. त्यांनी कात्री संपतच्या हातात दिली.

"घे. काप."

संपतने कात्री परत पुढे केली.

"काप म्हणतो न्हवं! माझा बी कापलाच पायजे. तोंडाला काय कळतंय, कोणचा देवीचा आन् कोणचा बुद्धाचा?"

संपतने कापला. हवालदारांनी दोन्ही दोरे उचलले, लाल संपतच्या शर्टाच्या खिशात घातला, पांढरा स्वतःच्या. "खिशातनं बी राखतो देव. चला, कामाला लागा."

दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराला एक फळी ठोकलेली होती आणि फळीवर खिळ्यांची रांग. आत जाताना दोरे, ताईत, अंगठ्या, उपरणी, टोप्या तिथे टांगायच्या, सुटताना घ्यायच्या. आठवड्यात ती फळी एखाद्या देवळाच्या झाडासारखी दिसू लागली. कुणाची वस्तू कधी हरवली नाही.

सुमनबाई दुपारचा डबा घेऊन येत आणि माझ्या खोक्याशेजारी टेकत. ठेंगणी, हसरी बाई. "काय सांगू बाई तुमास्नी," त्या एकदा म्हणाल्या, "लगीन होऊन आठ दिस झालं नव्हतं, तवर ह्या माणसानं माझ्या शालूचं गोंडं कापलं. मी पिठाच्या गिरणीत निघालेली. म्हणलं, आवं, आयेरात आलेला शालू! तर म्हणत्यात, गिरणीच्या पट्ट्याला आयेर कळत न्हाई." आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पण मी पाहिलं, त्यांचा पदर मात्र कमरेत घट्ट खोचलेला होता.

माझी खात्री होती, की या माणसाच्या घरात कधीतरी काहीतरी भयंकर घडलं असणार. आई असेल, बहीण असेल, पलटणीतला जिवलग मित्र असेल. कुणाचातरी पदर, कुणाचीतरी बाही. एके दिवशी पुस्तकाचं शेवटचं पान संपलं तेव्हा मी धीर करून विचारलं, "हवालदार, तुमचं कोण गेलं?"

"कुठं गेलं?"

"असं... पट्ट्यात सापडून."

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते. "कुणी न्हाई बाई. कुणी मेलं न्हाई. मरायच्या आधी कापतोय, म्हणून तर कापतोय." मग खालच्या आवाजात, "आपल्या लोकास्नी लय वाईट खोड हाय. आधी मढं लागतं, मग नियम करत्यात."

मी मढंच शोधत होते.

दिवाळीनंतर ऊस आला, गाळप सुरू झालं आणि पहिल्या पोत्याच्या पूजेचा दिवस उजाडला. साखर कारखान्यात हा सणच असतो. हंगामातलं पहिलं पोतं सजवतात, कुंकू लावतात, हार घालतात. त्या वर्षी ते पोतं नव्या वळणावरून जाणार होतं. मांडव, फोटोवाला, बायकांसाठी सतरंजी. सुमनबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

चेअरमनसाहेब आले. ठेंगणे, गोरे, पांढरे कपडे, केशरी फेटा, त्याचा शेमला पाठीवर लांब सोडलेला. हवालदारांच्याच वाडीतले ते मोठे बागायतदार. हवालदारांचे वडील त्यांच्या घराच्या पायरीखाली उभं राहून मालकांना हाक मारत, हे सुमनबाईंनीच मला सांगितलं होतं.

दारात, खिळ्यांच्या फळीपाशी, हवालदार उभे होते. "साहेब, फेटा," ते म्हणाले.

आमच्या भागात फेटा म्हणजे काय, ते तुम्हांला कसं सांगू! माणूस मेल्यावरच तो उतरतो असं समजा. व्यवस्थापक दात आवळून म्हणाले, "हवालदार, कुणाशी बोलताय?"

"डोक्याशी," हवालदार म्हणाले. "फेट्याखालच्या."

चेअरमनसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, खिळ्यांच्या फळीकडे पाहिलं, आणि एकदम मोठ्याने हसले. "डोस्कं ऱ्हायलं तर फेटा हाय, गड्या!" त्यांनी स्वतःच्या हाताने फेटा उतरवून खिळ्याला अडकवला. मागून सगळ्या संचालकांच्या टोप्या निघाल्या. भटजींचं उपरणंसुद्धा. हवालदारांच्या मिशीखाली मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

संपतला त्यांनी पट्टा थांबवायच्या बटणापाशी उभं केलं होतं. नियम असा, की पहिली पोती जाईपर्यंत त्याचा हात बटणावरून हलायचा नाही. पुस्तकाप्रमाणे त्या तोंडावर पत्र्याचं झाकण लावायचं होतं, पण पहिली पोती कशी वळतात ते डोळ्यांनी बघायचं म्हणून हवालदारांनी ते मुद्दाम बाजूला ठेवलं होतं.

पोतं निघालं. हार घातलेलं, कुंकू लावलेलं ते जड पोतं टाकीच्या कोपऱ्याशी आलं, आणि नदी जशी डोहाला वळसा घालते तसं, न डगमगता, सावकाश वळलं. पडलं नाही, आपटलं नाही. पलीकडे गोदामात हमालांनी ते झेललं आणि आरोळी ठोकली. टाळ्या थांबेनात. माझेही डोळे भरून आले. ते इंग्रजी पुस्तक मी छातीशी धरलं होतं.

व्यवस्थापकांनी चेअरमनसाहेबांच्या सत्कारासाठी शाल आणि नारळ पुढे केला. साहेबांनी शाल उलगडली आणि म्हणाले, "माझा सत्कार कशाला? मी काय केलं? हवालदार, हिकडं या."

हवालदार पट्ट्याशेजारी उभे होते. ते तिथून हलले नाहीत. साहेबच चालत गेले. शालीला लांब रेशमी दशा होत्या. त्या दिसताच हवालदारांचा हात सवयीने उजव्या खिशाकडे गेला. मी तो पाहिला. तो अर्ध्यावर थांबला. मग ते सावधान उभे राहिले. साहेब ठेंगणे म्हणून हवालदारांनी मान खाली वाकवली, आणि साहेबांनी टाचा उंचावून ती शाल त्यांच्या खांद्यांवर घातली. गळ्याभोवती एक पदर गुंडाळला. हातात नारळ दिला.

"फोटो काढा रं," साहेब म्हणाले. "आरं संपत, तू बी ये. तू बी राबलायस." संपत बटण सोडून आला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात.

दुसरं पोतं वळणावर आलं होतं. ते किंचित तिरपं झालं आणि त्याचा कोपरा बाजूच्या पत्र्याला घासला. आमच्यापैकी कुणालाच तो आवाज कळला नाही. हवालदारांना कळला. ते वळले आणि बघायला वाकले, जसे रोज वाकत तसे. शालीची एक दशी तोंडात गेली.

पुढचं मी थोडक्यातच सांगते. शाल त्यांच्या गळ्याभोवती आवळली. सोडवायला उजवा हात गेला आणि त्या हातालाच ओढून घेतलं. ते ओरडले नाहीत. आम्ही कुणीच हललो नाही. फोटोवाल्याचा दिवासुद्धा तेव्हाच चमकला. उसाचा तो आवाज मला ठाऊक होता, म्हणून मी डोळे मिटले.

सुमनबाई हलल्या. त्या सतरंजीवरून उठून कधी पोहोचल्या ते मला कळलं नाही. कात्री कुठल्या खिशात आहे हे जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी ती ओढून काढली आणि नवऱ्याच्या मानेपाशी, कातडीला खेटून, ती नवी शाल कापली. तेव्हा हवालदारांना श्वास मिळाला. तेव्हाच संपत किंचाळत बटणावर पडला आणि पट्टा थांबला.

त्याआधीच्या त्या क्षणात नारळ त्यांच्या हातून सुटून पट्ट्यावर पडला होता. तो एकटा, डुलत, वळणावरून गोदामात गेला होता. पलीकडच्या हमालांना अलीकडचं काहीच दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, नारळ मानाचा पाठवलाय. ते आनंदाने ओरडत राहिले. किती वेळ ते ओरडत होते!

सांगलीच्या दवाखान्यात हवालदारांच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं काढावी लागली. मी चेअरमनसाहेबांबरोबर भेटायला गेले. साहेब बोडक्या डोक्याने आले होते. खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. मग अगदी न राहवून म्हणाले, "हवालदार, कात्री खिशात हुती. अख्ख्या कारखान्याचं कापलं तुमी. माझा फेटा उतरिवलात. मग ती का न्हाई कापली वो?"

हवालदारांनी बँडेज बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"शाल लय चांगली हुती, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं. सुमनबाई खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या. मला कराडची गाडी धरायची होती; मी ती चुकवली.

हंगाम संपायच्या आत हवालदार परत आले. साहेबांनी त्यांना पट्ट्याचा प्रमुख म्हणून कायमचं ठेवून घेतलं. आल्याआल्या त्यांनी त्या तोंडावर झाकण बसवलं, डाव्या हाताने, एकेक बोल्ट. मग कचेरीत आले. "बाई, जुनी वर्तमानपत्रं द्या."

"कशाला?"

"डाव्या हाताला शिकवायचंय."

मी तारखेप्रमाणे रचलेला गठ्ठा काढून दिला. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी पानामागून पान कापलं. सुरुवातीला वेडंवाकडं, मग सरळ, मग वळणाने. रोज संध्याकाळी माझ्या टेबलापाशी कागदाच्या पट्ट्यांचा ढीग पडे. मी तो झाडू दिला नाही. संपत ते बघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून शेडच्या दाराशी उभा राहून तो स्वतःच लोकांचे हात तपासू लागला. त्याने त्यानंतर कधी मनगटाला काही बांधलं नाही. देवीचा दोरा तो खिशात ठेवी.

दशक संपता संपता मी नोकरी सोडली. कचेरीच्या हॉलमध्ये माझा निरोप समारंभ झाला. भाषणं झाली, आणि माझ्या खांद्यांवर शाल घातली गेली. हवालदार हॉलमध्ये नव्हते. त्यांची पाळी होती. मला त्यांचा निरोप घ्यायचा होता, म्हणून मी तशीच, शाल अंगावर, पोत्यांच्या शेडकडे गेले.

दारात ते उभे होते. केस पांढरे झाले होते, शर्टाची इस्त्री तीच. मला वाटलं, आज तरी काही बोलणार नाहीत. आज माझा मान होता.

"बाई, शाल," ते म्हणाले.

मी शाल काढली. त्यांनी ती अंगठा आणि करंगळी यांच्यात धरून घेतली, डाव्या हाताने नीट घडी घातली आणि फळीवर टांगली. फळीच्या टोकाला, बाकी खिळ्यांपासून दूर, एक मोठा, जाड खिळा होता. बाकीच्यांवर दोरे होते, टोप्या होत्या. हा रिकामाच होता.

"हा खिळा कशाचा, हवालदार?"

"शालीचा," ते म्हणाले. "तवा न्हवता."

ते बाजूला झाले. मी पदर खोचला आणि आत गेले. टाकीच्या वळणापाशी पोहोचल्यावर मागे वळून पाहिलं. हवालदार माझ्याकडे पाठ करून अजून फळीपाशीच उभे होते, आणि डाव्या हाताने त्या शालीच्या दशा एकेक करून सरळ करत होते.